गण-गौळणीशिवाय वग रंगत नाही: 'इन्व्हिन्सिबल'चा संथपणा

"पहिलं पुस्तक वाचलं भो, काहीच नाही त्यात." 'इन्व्हिन्सिबल' ही अमेरिकन कॉमिक मालिका सुचवली की जळगाव-धुळ्याकडच्या वाचकांची ही ठरलेली तक्रार येते. ती खोटीही नाही. या मालिकेच्या पहिल्या पुस्तकात १ ते ४ असे चारच अंक आहेत. दुसऱ्यात ५ ते ८, तिसऱ्यात ९ ते १३. ज्या घटनेमुळे ही मालिका ओळखली जाते ती सातव्या अंकात घडते, म्हणजे दुसरं पुस्तक अर्ध्याहून पुढे गेल्यावर. तिचा खुलासा आणि बाप-लेकाची मारामारी तिसऱ्या पुस्तकात आहे. एकच पुस्तक घेऊन ठेवून दिलं, तर हातात एका बऱ्या मुलाची बरी गोष्ट उरते आणि ही चर्चा कशाबद्दल चाललीये तेच कळत नाही.

पुढे कथेतले मोठे धक्के उघड केले आहेत. ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी आधी १३ अंक वाचावेत, मग इथे यावं.

आधी थोडी ओळख. लेखक रॉबर्ट कर्कमन. चित्रं पहिल्या सात अंकांची कोरी वॉकरची, आठव्यापासून मुख्यतः रायन ऑटलीची. प्रकाशक इमेज कॉमिक्स. जानेवारी २००३ मध्ये पहिला अंक आला, फेब्रुवारी २०१८ मध्ये १४४वा आणि शेवटचा. मालिका मासिक म्हणवायची, पण १८२ महिन्यांत १४४ अंक म्हणजे ३८ महिन्यांची तूट. ज्यांनी ती निघत असताना वाचली त्यांनी १५ वर्षं दिली. आज एका अंकाला १२ मिनिटं धरली, तर सगळी मालिका साधारण २९ तासांत संपते. या दोन वाचकांनी एकच कथा वाचली असं म्हणणं अवघड आहे, आणि संथपणाचं मोजमाप करताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

कथा मार्क ग्रेसनची. शाळेच्या शेवटच्या वर्षातला मुलगा, बाप नोलन म्हणजे जगातला सगळ्यात ताकदवान हिरो ओम्नी-मॅन, आई डेबी. बाप परग्रहावरचा असल्याने मुलातही कधीतरी शक्ती येणार हे घरात ठाऊक असतं. ती येते तो क्षण बघण्यासारखा आहे. मार्क बर्गरच्या दुकानात कामाला आहे. कचऱ्याची पिशवी डब्यात टाकायला म्हणून फेकतो आणि पिशवी सरळ आभाळात निघून जाते. विजा नाहीत, किंचाळी नाही, पानभर पसरलेलं चित्र नाही. पोरगा वर बघत उभा. आपल्याकडे नागराज आणि ध्रुवची कॉमिक्स वाचून मोठ्या झालेल्या पिढीला हे फिकं वाटतं, कारण राज कॉमिक्समध्ये सर्कस जळते, आई-बाप जातात, सूड घेतला जातो आणि सुपर कमांडो ध्रुव उभा राहतो, सगळं 'प्रतिशोध की ज्वाला' या १९८७ च्या एकाच पुस्तकात. त्याआधी इंद्रजालमधून मराठीत आलेला वेताळही एका बैठकीत संपायचा. ती सवय वाईट नव्हती. भुसावळला गाडी बदलताना घेतलेलं कॉमिक घर येईपर्यंत संपलंच पाहिजे, कारण पुढचा भाग हाताला लागेल याचा भरवसा नसायचा.

मग पहिले सहा अंक करतात तरी काय? खान्देशात यात्रेला फड उतरला की वग लगेच सुरू होत नाही. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि मध्यरात्रीकडे झुकताना वग. पण मावशी आणि पेंद्या रंगात आले की वग कधी लागणार हे कोणी विचारत नाही. गौळण वगाची वाट बघायला लावत नाही, ती स्वतःच बघण्यासारखी असते, आणि तिच्यात लोकांची नजर आणि कान तयार होतात. संथ मालिकेला मी हीच कसोटी लावतो: हा अंक पुढचं काही माहीत नसताना आपल्या पायावर उभा राहतो का? 'इन्व्हिन्सिबल'चे पहिले सहा अंक बहुतेक ठिकाणी राहतात. पोशाख शिवून घ्यायला बाप मुलाला आर्ट नावाच्या शिंप्याकडे नेतो, दोघं सोबत उडतात, घरी तिघं जेवायला बसतात. पाचव्या अंकात अ‍ॅलन नावाचा परग्रहवासी पृथ्वीची परीक्षा घ्यायला येतो आणि मारामारीच्या मधेच कळतं की तो चुकीच्या ग्रहावर आलाय. अंक वाचताना तो निव्वळ विनोद आहे. पुढे हाच अ‍ॅलन नोलनच्या जातीच्या, म्हणजे व्हिलट्रमाईट, साम्राज्याविरुद्धच्या युद्धात कळीचा माणूस ठरतो, आणि तो विनोद म्हणजे किती खोल रोवलेली खुंटी होती ते उमगतं.

सातव्या अंकाशी जरा जास्त थांबू. त्यात गार्डियन्स ऑफ द ग्लोब या हिरोंच्या संघातली माणसं एकेक करून भेटतात. प्रत्येकाचं रोजचं आयुष्य थोडक्यात दिसतं, मग मुख्यालयातून बोलावणं येतं. सगळे जमतात, आणि नोलन त्या सगळ्यांना मारून टाकतो. कारण सांगत नाही. मागच्या सहा अंकांत जो माणूस मुलाला उडायला शिकवत होता तोच हा. मासिक अंक घेणाऱ्याने निदान सहा महिने या बापावर विश्वास ठेवला होता. पुस्तकरूपात वाचणाऱ्याला हाच धक्का सव्वा तासानंतर बसतो. आणि २०२१ मध्ये आलेल्या अ‍ॅनिमेशन मालिकेने तो पहिल्याच भागाच्या शेवटी, पाऊण तासाच्या आसपास, देऊन टाकला. पडद्यासाठी तो निर्णय बरोबर होता, कारण पहिला भाग बघून प्रेक्षक उठून गेला तर पुढचे सात कोण बघणार? पण किंमत मोजली गेलीच. पडद्यावर नोलन पहिल्या दिवसापासून संशयित आहे आणि आपण "आते काय व्हई" म्हणत बसतो. कागदावर तो आधी बाप होतो, मग खुनी. ती दोन वेगळी दुःखं आहेत, आणि मला कागदावरचं जास्त खोल वाटतं.

याच अंकात मालिकेची पहिली मोठी उणीवही आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मेलेल्यांना आपण ओळखतच नाही. एवढी निवांत चालणारी मालिका नेमकी इथे घाई करते, भेट आणि मरण एकाच अंकात उरकते. हे खपून जातं कारण ही माणसं अमेरिकन वाचकाच्या ओळखीच्या साच्यातली आहेत: डार्कविंग पाहिला की बॅटमॅन आठवतो, वॉर वुमन म्हणजे वंडर वुमन, रेड रश म्हणजे फ्लॅश. धक्क्याचं भांडवल दुसऱ्या प्रकाशकाच्या तोवरच्या साठेक वर्षांच्या कॉमिक्समधून उसनं आणलंय. ज्या वाचकाने ती वाचली नाहीत, ज्याचं बालपण नागराजबरोबर गेलं, त्याला इथे सात अनोळखी लोक मेलेले दिसतात. आता सिनेमांमुळे हे चेहरे शेवाळे आणि शिरपूरपर्यंत पोचलेत म्हणून बरं. तरी ते मरण दुखतं ते नोलनमुळे, त्या सात जणांमुळे नव्हे, हे मान्य करायला हवं.

संथपणा दोन जातींचा असतो आणि त्यांची गल्लत नेहमी होते. एक म्हणजे मजकूर ताणणं. १९६२ मध्ये स्पायडर-मॅनची जन्मकथा ११ पानांत सांगून झाली होती. २००० मध्ये सुरू झालेल्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'ने तीच ७ अंकांत पसरवली. तिथे पीटरच्या घरातली बोलणी, काका-काकूंचा राग-लोभ यांना जागा मिळाली म्हणून ते ताणणं गोड लागतं. पण त्यानंतरच्या काळात अनेक मालिकांनी नुसतं ताणणं उचललं: २२ पानांत एक संभाषण, चार चौकटींत तोच चेहरा, शेवटच्या पानावर दारात कोणीतरी उभं. दुसरी जात म्हणजे गोष्टी भरपूर घडतात, पण मोठं गुपित मागे ठेवलेलं असतं. 'इन्व्हिन्सिबल' या दुसऱ्या जातीची आहे. तिच्या अंकात घटना कमी नसतात, उलट कधी जास्तच असतात. गंमत म्हणजे चित्र पुन्हा पुन्हा वापरण्याची सवय कर्कमनलाही आहे, आणि एका अंकात त्याने ती उघडच करून टाकलीये: कॉमिक्सचा एक चित्रकार मार्कला सांगतो की संभाषणात तेच चित्र परत वापरलं की वेळ वाचतो, आणि तो हे सांगत असताना चौकटींमधलं चित्र बदलतच नाही.

धागे कसे विणलेत ते समजायला पॉल लेव्हिट्झ या कॉमिक्स लेखकाची पद्धत उपयोगी पडते. 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' लिहिताना तो तक्ता करायचा: एक मुख्य धागा, एक दुय्यम, एक बारीक. मुख्य संपला की दुय्यम वर चढतो, बारीक दुय्यम होतो आणि खाली नवा बारीक धागा सुरू होतो. 'इन्व्हिन्सिबल'मधला रोबोटचा धागा असा चढत जातो. आधी तो तरुण हिरोंच्या टोळीचा शांत पुढारी. मग मधेच दोन-दोन पानांत दिसतं की तो तुरुंगातून मॉलर जुळ्यांना पळवतोय. मग कळतं की रोबोट ही बाहेरून चालवलेली खोळ आहे, आत टाकीत जगणारा एक विकलांग माणूस आहे, आणि त्याला सोबती रेक्सच्या रक्तापासून नवं शरीर हवंय. ते मिळतं, सगळे त्याला आपलं मानतात, आणि कितीतरी वर्षांनी तोच माणूस जग ताब्यात घेतो. मागे वळून बघितलं तर एकही पायरी चुकलेली नाही. वाचताना वही जवळ ठेवा, अंकाचा आकडा घाला आणि ज्या दोन पानांचा मुख्य कथेशी संबंध लागत नाही तेवढी नोंदवा. २०-२५ अंकांनी ती नोंद उघडली की लेखकाने कुठे पेरलंय ते दिसतं, आणि काय पेरून विसरलाय तेही.

सगळ्यात भरीव काम मात्र डेबीचं आहे. नवरा पृथ्वी सोडून गेल्यावर ती दारूकडे वळते, आणि मालिका तिला दोन अंकांत बरी करत नाही. पुढे कळतं की नोलनने दुसऱ्या ग्रहावर नवा संसार थाटला, त्याला मुलगा झाला. तो मुलगा, ऑलिव्हर, मार्क घरी घेऊन येतो आणि डेबी त्याला वाढवते. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचं पोर, तेही माणसाच्या पोरापेक्षा झपाट्याने वाढणारं. हिरोंच्या कॉमिकमध्ये अशा बाईला एरवी दोन चौकटींच्या वर जागा मिळत नाही. इथे तिला वर्षं मिळतात आणि राग, सवय, माया या क्रमाने ते नातं आकार घेतं. इतका वेळ दिला नसता तर पुढे नोलन परत येतो तेव्हाचा प्रसंग कोणाला पटलाच नसता.

हे जमलं त्यामागे मालकीचा व्यवहार आहे. इमेज ही १९९२ मध्ये चित्रकारांनीच काढलेली कंपनी, तिथे हक्क निर्मात्याकडे राहतात. म्हणून १४४ अंक एकाच लेखकाने लिहिले आणि शेवटचे १२ अंक शेवट म्हणून लिहिले. क्रिस क्लेअरमॉन्टने मार्व्हल कंपनीसाठी लिहिलेल्या 'एक्स-मेन'चं बघा. त्यातली नायिका जीन ग्रे १०१व्या अंकात, १९७६ मध्ये, फीनिक्स या प्रचंड शक्तीच्या रूपात आली आणि १३७व्यात, १९८० मध्ये, मेली. एवढी सावकाश चढवलेली कथा त्या काळात दुर्मीळ होती. पण तिचा मृत्यू लेखकाच्या मूळ योजनेत नव्हता, संपादक जिम शूटरच्या आग्रहाने तो आला, आणि १९८६ मध्ये कंपनीने जीनला परत आणलं. संथ मालिकेत वाचक वर्षांची ठेव ठेवतो. ती कोणाच्या नावावर आहे हे म्हणून महत्त्वाचं.

आता जिथे मालिका घसरते तिकडे. ६०व्या अंकात अ‍ॅन्गस्ट्रॉम लेव्ही हा खलनायक वेगवेगळ्या विश्वांतले १६ दुष्ट मार्क पृथ्वीवर सोडतो. शहरं उद्ध्वस्त होतात, रेक्ससारखा जुना सोबती मरतो, आणि हे सगळं एका अंकात. मोठ्या कंपन्या असला प्रसंग डझनभर अंकांत फुगवतात, त्याची ही मुद्दाम केलेली उलट खेळी आहे हे कळतं. तरी रेक्सच्या मरणाला जागा कमी पडली ती पडलीच. लगेच ६१ ते ६५ मध्ये कॉन्क्वेस्ट नावाचा व्हिलट्रमाईट योद्धा येतो, मग ७१ ते ७८ मध्ये व्हिलट्रमाईट युद्ध. एवढ्या सलग तापानंतर वाचक बधिर होतो. ऑटली मार इतका जीव लावून काढतो की पहिल्यांदा फुटलेला जबडा अंगावर येतो. दहाव्यांदा फुटला की नजर पुढच्या चौकटीवर जाते. ताकदीचाही तोच पेच: प्रत्येक शत्रू आधीच्यापेक्षा बलवान दाखवायचा म्हटलं की साधे चोर-दरोडेखोर निरुपयोगी होतात, आणि सुरुवातीची घरगुती चव त्यांच्याबरोबर जाते. डायनासॉरस हा खलनायक म्हणूनच महत्त्वाचा. तो लास वेगास उडवतो, पण त्याचं म्हणणं मार्कला पटायला लागतं. तिथे भांडण जबड्याचं उरत नाही, विचाराचं होतं, आणि मालिका पुन्हा श्वास घेते.

मार्कची जोडीदार इव्ह, तिचं मात्र नीट झालं नाही. पदार्थाचं रूप बदलण्याची तिची शक्ती कागदावर मार्कहून मोठी आहे, पण बऱ्याच लांब पट्ट्यांत ती वाट बघणारी म्हणून उरते. आणि पालकांसाठी स्पष्ट सांगतो: चित्रं रंगीत आणि गोल चेहऱ्याची असली तरी हे लहान मुलांचं पुस्तक नाही. रक्तपात आहेच, शिवाय ११०व्या अंकात मार्कवरच लैंगिक अत्याचार होतो. पंधरा-सोळाच्या आतल्या मुलाच्या हाती संच देऊ नये.

रंगातला बदलही जाणवतो. पन्नासाव्या अंकापर्यंत बिल क्रॅबट्रीचे सपाट, उघडे रंग आहेत, पुढे एफसीओ प्लासेन्सियाचे अधिक छटांचे. पहिले काही अंक रुचतात ते बऱ्याच अंशी त्या सपाट रंगांमुळे, कारण त्यांत घातपाताची चाहूल अजिबात नसते.

विकत घेताना सुट्या २५ पुस्तकांऐवजी दोन पर्याय बघा. मोठ्या आकाराच्या 'अल्टिमेट कलेक्शन'च्या १२ खंडांपैकी पहिल्यात १ ते १३ अंक येतात, म्हणजे सुरुवात आणि पहिला स्फोट एकाच पुस्तकात. मालिका आपल्याला झेपते का हे ठरवायला याहून चांगला तुकडा नाही. दुसरा पर्याय तीन कंपेंडियमचा. प्रत्येकात साधारण ४८ अंक, हजारावर पानं, प्रति अंक सगळ्यात स्वस्त. त्याची अडचण बांधणीत आहे. एवढं जाड पुस्तक डिंकाने चिकटवलेलं असतं आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या खाचेत गिळलं जातं. नवं पुस्तक एकदम मधे उघडू नका. टेबलावर उभं धरून पुढून १५-२० पानं, मग मागून १५-२० पानं असं हलकं दाबत मध्यापर्यंत या, कणा तडकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा पत्र्याच्या कपाटात, पश्चिमेच्या भिंतीला लागून किंवा गाडीच्या डिकीत पुस्तक ठेवलं तर डिंक सैल होतो आणि थंडीत तोच कडक होऊन पानं सुटतात. आतल्या खोलीत लाकडी फळीवर आडवं ठेवा. कसरीसाठी डांबरगोळ्या ठेवायच्या तर कागदाला टेकवू नका.

फोनवर वाचणाऱ्यांनी एक करावं: चौकट-चौकट पुढे सरकवणारी सोय बंद करा. या मालिकेतले धक्के पान उलटण्यावर बेतलेले आहेत. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न, उलटल्यावर डाव्या पानावर उत्तर. चौकटी सुट्या केल्या की हे सगळं सारखंच सपाट होतं. दहा इंची टॅबवर पूर्ण पान बघा, जोडचित्र आलं की टॅब आडवा करा.

मराठीत कॉमिक करू बघणाऱ्यांना या मालिकेतून एक हिशोब उचलता येईल. २२ पानांच्या अंकात १४-१५ पानं मुख्य धाग्याला, ४-५ दुय्यमला, दोनच बारीक धाग्याला. अंक त्याच्या त्याच्या पानांत काहीतरी मिटवून संपावा, आणि बारीक धागा तीन अंकांपेक्षा जास्त काळ दिसेनासा होऊ नये, नाहीतर महिन्याने अंक घेणारा तो विसरतो. जो धक्का मालिकेचा कणा आहे तो पहिल्या छापील पुस्तकाच्या आत बसवा. आपल्याकडे दुसरं पुस्तक निघेल याची खात्री अमेरिकेपेक्षा फार कमी आहे.

आणि ज्यांनी पहिलं पुस्तक ठेवून दिलंय, त्यांनी अकराव्या अंकापर्यंत जाऊन ते परत उघडावं. सुरुवातीला नोलन मुलाला आपल्या ग्रहाची गोष्ट सांगतो: व्हिलट्रमचे लोक सुधारलेले, मागासलेल्या ग्रहांना मदत करायला निघालेले. अकराव्या अंकात तो तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतो. ग्रह तोच, बाप तोच, मुलगाही तोच. फक्त 'मदत' या शब्दाच्या जागी 'जिंकणं' येतं.